हॉस्टेलच्या इंटरनेटसाठी नेटवर्क कार्ड घेताना : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमच्या इंजिनिअरिंग कॉलेजच्या हॉस्टेलमध्ये नेटवर्कचं काम बघणाऱ्या मुलांत मी गेली तीन वर्षं आहे. पहिल्या वर्षाची मुलं गाद्या-बादल्या घेऊन येतात आणि आठवडाभरात तेच ते प्रश्न घेऊन दारात उभी राहतात. त्यांतल्या बऱ्याच जणांनी घरच्यांचे पैसे घालून चुकीचं नेटवर्क कार्ड, म्हणजे कॉम्प्युटर नेटवर्कला जोडणारी वस्तू, आधीच आणलेलं असतं. ते बघून दर वर्षी वाईट वाटतं, म्हणून हे एकदा नीट लिहून ठेवतोय. आमची इमारत जुनी आहे. तीन मजले, लांब व्हरांडा, प्रत्येक रूममध्ये भिंतीवर लॅनचे (वायरच्या नेटवर्कचे) दोन पोर्ट, म्हणजे केबल लावायच्या खाचा, आणि व्हरांड्याच्या टोकाला वाय-फायचा ॲक्सेस पॉइंट, म्हणजे वाय-फाय पसरवणारा डबा. तुमच्याकडे थोडाफार फरक असेल, पण अडचणी बहुतेक याच असतील.

घरून निघतानाच कार्ड विकत घेऊन येऊ का?

नको. आधी रूम ताब्यात घ्या आणि भिंतीकडे बघा. पोर्ट आहे का? त्याच्या आतल्या सोनेरी पिना सरळ आहेत का? शेजारच्या रूममधला लॅपटॉप आणून केबल लावली तर दिवा लागतो का? एवढं झालं की सिनियरला दोनच गोष्टी विचारा : लॅन चालू आहे की फक्त वाय-फाय, आणि लॉगिन कसं होतं. एवढं न बघता मागच्या वर्षी आमच्या विंगमधल्या चौघांनी वाय-फायची डोंगलं (यूएसबीत लावायची छोटी कार्डं) आणली. त्यांच्या रूममध्ये लॅन उत्तम चालू होतं, आणि वाय-फाय त्या कोपऱ्यात पोचतच नव्हतं.

माझ्या लॅपटॉपमध्ये नेटवर्क कार्ड नसतं का?

वाय-फायचं कार्ड असतंच. लॅनचं मात्र हल्ली बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्ये नसतं, कारण आरजे-४५ चं, म्हणजे लॅन केबलच्या प्लगचं, भोक लॅपटॉपच्या जाडीत मावत नाही. लॅपटॉपच्या कडांवर एकदा नजर फिरवा. काही कंपन्या तिथे खाली उघडणारी झडप देतात, ती मुलांना महिनोन्‌महिने दिसत नाही. झडप हलक्या हाताने खाली ओढली की केबल बसते. असा पोर्ट सापडला तर काहीही विकत घेऊ नका, फक्त केबल आणा.

वाय-फाय फुकट मिळतंय, मग वायरीची कटकट कशाला?

सकाळी अकरा वाजता हा प्रश्न विचारलात तर माझ्याकडे उत्तर नाही. रात्री साडेनऊला, जेवण आटोपून सगळी विंग रूमवर परतल्यावर विचारा.

वाय-फाय हवेतून चालतं आणि हवा सगळ्यांची एकच असते. ढोबळमानाने सांगायचं तर एका चॅनलवर एका वेळी एकच जण बोलू शकतो, बाकीचे थांबतात. व्हरांड्याच्या टोकाला एक ॲक्सेस पॉइंट आणि त्यावर चाळीस मुलांचे फोन आणि लॅपटॉप, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला क्षणाचा तुकडा येतो. त्यात एखाद्याची रूम लांब असेल, मध्ये दोन विटांच्या भिंती असतील, तर त्याचा लॅपटॉप हळूहळू बोलतो आणि सगळ्यांचा वेळ खातो. २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात एकमेकांवर न चढणारे चॅनल तीनच आहेत, १, ६ आणि ११. त्याच पट्ट्यात ब्लूटूथ आहे, आणि मुलांनी चालू केलेले मोबाइल हॉटस्पॉटही बहुतेक तिथेच गर्दी करतात. ५ गिगाहर्ट्झमध्ये जागा भरपूर आहे, पण ती लहर भिंतीत लवकर मरते.

वायरीत असं काही नसतं. तुमच्या पोर्टपासून मजल्यावरच्या स्विचपर्यंतचा (सगळ्या रूमच्या केबल जिथे जोडतात त्या डब्यापर्यंतचा) रस्ता फक्त तुमचा असतो. ऑनलाइन परीक्षा, प्लेसमेंटची टेस्ट, व्हिडिओवरची मुलाखत या तीन गोष्टींसाठी तरी वायर लावा. कॅम्पस मुलाखत ऐन रंगात असताना वाय-फाय तुटल्यावर रडवेला झालेला माझा रूम पार्टनर मी पाहिलाय. त्याच्या उशाशी, हाताच्या अंतरावर, चालू पोर्ट होता.

यूएसबीचं लॅन अडॅप्टर घ्यायचं ठरलं. दुकानात नेमकं काय मागू?

बहुतेकांच्या कामाचा प्रश्न हाच आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो. अडॅप्टर म्हणजे बाहेरून यूएसबीत लावायचं लॅनचं कार्ड.

खोक्यावरचं नाव बघून घेऊ नका, आतली चिप बघून घ्या. वेगवेगळ्या नावांची पंधरा अडॅप्टरं उघडली तर आत दोन-तीन कंपन्यांच्याच चिपा निघतात. यूएसबी ३.० आणि गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिट, म्हणजे १००० एमबीपीएस) हवं असेल तर रिअलटेकची आरटीएल ८१५३ किंवा एएसआयएक्सची एएक्स ८८१७९, यांपैकी एक असली की निर्धास्त राहा. स्वस्तातल्या अडॅप्टरांत आरटीएल ८१५२ किंवा एएक्स ८८७७२ असते. त्या १०० एमबीपीएसच्या, यूएसबी २.० वाल्या चिपा आहेत. वाईट नाहीत, पण गिगाबिट म्हणून कोणी त्या तुमच्या गळ्यात मारत असेल तर घेऊ नका.

फसगत होते ती इथेच. यूएसबीचं टोक आतून निळं (ही यूएसबी ३.० ची खूण) असलं म्हणजे आतली चिप वेगवान, असं नाही. ‘यूएसबी ३.० वर चालते’ या वाक्याचा अर्थ ‘यूएसबी ३.० ची आहे’ असा होत नाही, कारण जुनी वस्तूही नव्या पोर्टवर चालतेच. यूएसबी २.० चा कागदावरचा वेग ४८० एमबीपीएस, आणि प्रत्यक्षात हातात साधारण ३०० च्या आसपासच पडतं. त्यामुळे ‘यूएसबी २.०, गिगाबिट’ असं लिहिलेलं असलं तरी पूर्ण गिगाबिट त्यातून निघणं शक्य नाही.

दुकानात लॅपटॉप घेऊन जा. अडॅप्टर लावा, विंडोजच्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर उघडा, त्याच्या प्रॉपर्टीजमधल्या डिटेल्समध्ये हार्डवेअर आयडी बघा. रिअलटेकची गिगाबिट चिप असेल तर तिथे ८१५३ हा आकडा दिसतो, शंभरवाली असेल तर ८१५२. मुंबईत लॅमिंग्टन रोडला किंवा पुण्यात तपकीर गल्लीत हे करू द्यायला कुठलाही बरा दुकानदार नाही म्हणत नाही. नाही म्हणाला तर पुढच्या दुकानात जा.

टाइप-सी की जुना चौकोनी यूएसबी, हे तुमच्या लॅपटॉपवर ठरवा. दोन्ही पोर्ट असतील तर मी चौकोनी घेईन, कारण टाइप-सी पुष्कळदा चार्जरला लागतो.

गिगाबिट अडॅप्टर घेतलं, तरी १०० च का दाखवतंय?

दहातल्या नऊ वेळा दोष केबलचा निघतो. अडॅप्टर परत करायला धावू नका.

लॅनच्या केबलमध्ये आठ तारा असतात, दोन-दोनच्या चार जोड्या. १०० एमबीपीएससाठी त्यांतल्या दोनच जोड्या लागतात, पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या आणि सहाव्या पिनेवरच्या. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. म्हणजे उरलेल्या चारांपैकी एक जरी तार तुटली, तरी दिवा लागतो, नेट चालतं, पण वेग शंभरावर येऊन बसतो. तार तुटलीय हे कोणाच्या लक्षातही येत नाही.

मागच्या दिवाळीनंतर एक मुलगा तिसरं अडॅप्टर घेऊन आला. मी त्याच्या केबलचं टोक उजेडाकडे धरलं. पारदर्शक प्लगमधून रंग ओळीने दिसत होते : पांढरा-नारिंगी, नारिंगी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. क्रम बरोबर होता. फक्त शेवटची तपकिरी तार बाकीच्यांपेक्षा केसभर आखूड होती. पिनेचं पातं तिच्यापर्यंत पोचलंच नव्हतं. टोक कापलं, तारा एका रेषेत छाटल्या, नवीन प्लग घातला, क्रिंपिंग टूल दाबलं. स्क्रीनवर १००० आलं. खर्च एका प्लगचा. आधीची दोन अडॅप्टरं त्याने मित्रांना देऊन टाकली होती, आणि दोन्ही चांगली होती.

नवी केबल घेणार असाल तर तयार, कारखान्यातून प्लग बसवून आलेली कॅट-६ प्रतीची घ्या. कॅट-५ई सुद्धा गिगाबिटला पुरते. सुटी कापून देणाऱ्याकडे एक गोष्ट तपासा. तारेचं टोक ब्लेडने हलकेच खरवडा. आतून पांढुरकी चमक दिसली तर ती तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियमची तार आहे. चार वेळा वाकवली की ती आतल्या आत तुटते, आणि टेबल-पलंगामधल्या फटीतून जाणाऱ्या केबलला वाकणं चुकत नाही.

केबल किती लांब चालेल?

स्विचपासून लॅपटॉपपर्यंत सगळी मिळून १०० मीटर. भिंतीतली लांबी त्यातच मोजायची. रूममध्ये तीन मीटर पुरते, पलंगावर बसून काम करायचं असेल तर पाच.

पोर्ट १०० चाच आहे म्हणतात. मग गिगाबिट कशाला घ्यायचं?

हॉस्टेलपुरतं बघायचं तर गरज नाही. पण अडॅप्टर चार वर्षं तुमच्याजवळ राहणार, स्विच कधीतरी बदलणार, आणि किमतीतला फरक काही शे रुपयांचाच आहे. पैशांची ओढाताण असेल तर १०० वालं घ्या आणि अजिबात वाईट वाटून घेऊ नका. लेक्चरचा व्हिडिओ त्यावर सहज चालतो. २.५ गिगाबिटवालं मात्र घेऊ नका, त्याला साथ देणारा स्विच हॉस्टेलच्या मजल्यावर क्वचितच असतो.

माझ्याकडे डेस्कटॉप आहे.

बहुतेक मदरबोर्डवर लॅन पोर्ट असतोच. तो जळाला असेल तर पीसीआय एक्सप्रेसचं छोटं कार्ड घ्या, आरटीएल ८१११ चिपवालं. ते सगळीकडे मिळतं. जुन्या, लांब पीसीआय खाचेचं कार्ड चुकून उचलू नका. कॅबिनेट बारीक असेल तर कार्ड कॅबिनेटला स्क्रूने बसवायची आखूड पट्टी सोबत आहे का बघा, नाहीतर कार्ड बसतं पण स्क्रू लागत नाही.

लॅपटॉपचं आतलं वाय-फाय कार्ड बदलता येतं का?

काही लॅपटॉपमध्ये येतं, काहींत ते बोर्डलाच जोडलेलं असतं. मागचं झाकण उघडण्याआधी वॉरंटी बघा. बदलता येत असेल तर कार्ड एम.२ २२३० आकाराचं लागतं.

इथे एका नावाने खूप जण फसतात. इंटेलचं एएक्स २०१ आणि एएक्स २१० दिसायला सारखीच आहेत. पण २०१ चा अर्धा मेंदू इंटेलच्या प्रोसेसरबरोबरच्या चिपसेटमध्ये असतो, त्यामुळे एएमडीच्या लॅपटॉपमध्ये ते चालणारच नाही, इंटेलच्याही जुन्या पिढीत चालणार नाही. एएक्स २०० किंवा २१० हे पूर्ण स्वतंत्र कार्ड आहे, एएमडीवरही चालतं. अँटेनाच्या दोन बारीक तारांची टोकं नखाने दाबून बसवताना घाई करू नका, वाकडी दाबली की ती चपटी होतात आणि मग कार्ड असून सिग्नल नाही.

आधी हे मात्र बघा, की तुमचं कार्ड ५ गिगाहर्ट्झ पकडतं का. पकडत असेल तर नवीन कार्डाने हॉस्टेलच्या गर्दीत फारसा फरक पडणार नाही. नुसतं २.४ वालं असेल तर बदलल्याचा फरक पहिल्या रात्रीच जाणवतो.

यूएसबीचं वाय-फाय डोंगल कोणतं घ्यावं?

दोन बँडचं, म्हणजे २.४ आणि ५ गिगाहर्ट्झ दोन्ही पकडणारं. खोक्यावरच्या ६०० किंवा १२०० या आकड्यावर जाऊ नका, ती बेरीज असते. ६०० म्हणजे २.४ वर १५० आणि ५ वर ४३३, १२०० म्हणजे ३०० आणि ८६७. एका वेळी तुम्ही एकाच बँडवर असता, आणि हाताला त्याच्या निम्मं लागलं तरी पुष्कळ. ‘१५०’ किंवा ‘३००’ एवढंच लिहिलेलं डोंगल नुसतं २.४ चं समजा आणि सोडून द्या. अंगठ्याच्या नखाएवढ्या डोंगलापेक्षा अँटेना असलेलं बरं. यूएसबी ३.० चा पोर्ट २.४ गिगाहर्ट्झवर स्वतःच गोंगाट करतो, म्हणून अशा डोंगलाला हातभर एक्स्टेन्शन केबल लावून लॅपटॉपपासून दूर ठेवलं की सिग्नल सुधारतो.

मी लिनक्स वापरतो.

लॅनच्या अडॅप्टरची चिंता नको, वर सांगितलेल्या चिपा लावल्या की चालतात. वाय-फायच्या डोंगलात मात्र जपा. मीडियाटेकची एमटी ७६१२यू किंवा एमटी ७९२१एयू असेल तर ड्रायव्हर (चिप चालवणारा प्रोग्रॅम) कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यातच आहे. रिअलटेकच्या बऱ्याच यूएसबी वाय-फाय चिपांचे ड्रायव्हर वर्षानुवर्षं बाहेरून आणून बसवावे लागत, आणि कर्नल अपडेट झाला की पुन्हा पहिल्यापासून. नेट नसताना ड्रायव्हर उतरवायचा असेल तर फोन यूएसबीने जोडून टेदरिंग चालू करा.

सगळं बरोबर लावलं, दिवाही लागतो, तरी नेट नाही!

बहुधा तुमच्या कार्डाची नोंदणी झालेली नाही. पुष्कळ हॉस्टेलांत मॅक ॲड्रेस नोंदवल्याशिवाय पोर्ट काहीही जाऊ देत नाही. मॅक ॲड्रेस म्हणजे त्या कार्डाचा बारा अक्षरी क्रमांक, ० ते ९ आकडे आणि ए ते एफ अक्षरं. तो लॅपटॉपचा नसतो, कार्डाचा असतो. वाय-फायचा वेगळा, लॅनचा वेगळा, यूएसबी अडॅप्टरचा आणखी वेगळा. म्हणून अडॅप्टर घेण्याआधी फॉर्म भरला असेल तर तो वाया गेला असं समजा आणि नवा भरा. फॉर्मवर रेक्टरांची सही लागते आणि शनिवारी-रविवारी ऑफिस बंद असतं, हे धरून खरेदी करा. आणखी एक : विंडोज ११ मध्ये आणि फोनमध्ये वाय-फायसाठी ‘रँडम’ पत्त्याची सोय असते. अँड्रॉइड १० पासून ती आपोआप चालूच असते. नोंदणीच्या नेटवर्कपुरती ती बंद करा.

आयपी ॲड्रेस (नेटवर्कवरचा तुमच्या मशीनचा पत्ता) १६९.२५४ ने सुरू होत असेल तर तुमच्या मशीनला कोणीच पत्ता दिलेला नाही, त्याने स्वतःच एक घेतलाय. मग नोंदणी, केबल, पोर्ट या क्रमाने तपासा.

काही कॉलेजांत वायरवरही युजरनेम-पासवर्ड लागतो. तशा ठिकाणी विंडोजमधली ‘वायर्ड ऑटोकॉन्फिग’ ही सेवा चालू करावी लागते, ती एरवी बंद असते आणि त्यामुळे लॉगिनची चौकटच उघडत नाही.

दर थोड्या वेळाने अडॅप्टर आपोआप तुटतं.

डिव्हाइस मॅनेजरमध्ये त्याच्या पॉवर मॅनेजमेंटमध्ये जा आणि वीज वाचवण्यासाठी बंद करण्याची खूण काढा. तरीही तुटत असेल तर दुसऱ्या यूएसबी पोर्टवर लावून बघा. अडॅप्टर कोमट होणं ठीक आहे, पण उशीखाली दाबून ठेवू नका.

रूममध्ये स्वतःचा राउटर लावला तर?

आधी परवानगी काढा. मिळाली तरी पुढचं वाचल्याशिवाय लावू नका.

गेल्या वर्षी सबमिशनच्या आदल्या रात्री आमच्या अख्ख्या विंगचं नेट गेलं. स्विच चालू, दिवे चालू, आणि सगळ्यांना १९२.१६८.०.१ कडून पत्ते मिळत होते. हा आमच्या नेटवर्कचा पत्ताच नव्हता. कोणीतरी भिंतीतली केबल राउटरच्या ‘वॅन’ (बाहेरून येणाऱ्या नेटच्या) खाचेऐवजी ‘लॅन’ खाचेत खुपसली होती, आणि तो राउटर सगळ्या विंगला आपले पत्ते वाटत सुटला होता. कॉलेजचा सर्व्हर उत्तर देईपर्यंत हा आधी उत्तर देत होता. आम्ही तिघं मजल्यावरच्या स्विचजवळ स्टुलावर उभं राहून एकेक केबल काढत गेलो. विंगमध्ये चाळीसच्या वर पोर्ट आहेत. सव्वादोनला तो सापडला. त्या पोराला काही ठाऊकच नव्हतं, तो झोपला होता. ज्यांचं सबमिशन राहिलं ते राहिलंच.

स्विचमध्ये याला आळा घालायची सोय असते, ती आता आम्ही चालू करून घेतलीय. सगळीकडे ती चालू असेलच असं नाही. राउटर लावायचाच तर केबल वेगळ्या रंगाच्या, ‘वॅन’ लिहिलेल्या खाचेतच लावा.

पावसाळ्यात पोर्ट जळतात असं ऐकलं.

खरं आहे. जूनच्या आधीच्या वळवाच्या पावसात सगळ्यात जास्त. दोन इमारतींच्या मध्ये तांब्याची केबल टांगलेली असेल तर जवळपास वीज पडल्यावर त्यातून झटका येतो आणि एका रात्रीत ओळीने पोर्ट मरतात. फायबरमधून वीज वाहत नाही, म्हणून इमारती नेहमी फायबरने जोडाव्यात, आणि हे आम्ही दर वर्षी लेखी मागतो. तुमच्या हातात आहे ते एवढंच : गडगडायला लागलं की केबल लॅपटॉपमधून काढा. यूएसबी अडॅप्टरचा इथे एक फायदा आहे, झटका आला तर बऱ्याचदा अडॅप्टर जातं आणि मदरबोर्ड वाचतो. कोकणात, मुंबईत दमट हवेने पिनांवर हिरवट थर धरतो, कोरड्या ब्रशने तो निघतो.

लॅन, गिगाबिट, सगळं झालं, तरी डाउनलोड १२ च्या वर जात नाही.

तो आकडा एमबीपीएसचा की मेगाबाइटचा? आठ बिट म्हणजे एक बाइट. १०० एमबीपीएसच्या जोडणीवर सेकंदाला साधारण १२ मेगाबाइटच उतरणार, ते बरोबरच आहे. त्याहून बरंच कमी असेल तर कॉलेजची बाहेरची लाइन किंवा प्रत्येकाला ठरवून दिलेली मर्यादा बघा. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? कार्डाने हा प्रश्न सुटत नाही, त्यासाठी हॉस्टेल समितीकडे लेखी अर्ज द्या, आणि अर्जात ‘नेट स्लो आहे’ एवढंच न लिहिता तारीख, वेळ, पोर्ट नंबर आणि मोजलेला वेग द्या.

इथे एक सांगावंसं वाटतं. १९८६ साली देशात अर्नेट, म्हणजे शिक्षण आणि संशोधन संस्थांना जोडणारं नेटवर्क, सुरू झालं, तेव्हा त्यातल्या मोजक्या संस्थांपैकी दोन मुंबईतल्या होत्या, पवईची आयआयटी आणि एनसीएसटी ही सॉफ्टवेअर संशोधनाची सरकारी संस्था. सामान्य लोकांना इंटरनेट मिळालं ते १५ ऑगस्ट १९९५ ला. म्हणजे कॉलेजांत नेट आधी आलं आणि घरांत नंतर. चांगलं नेट मागणं हे विद्यार्थ्याचे लाड आहेत, असं कोणी म्हणालं तर हे त्यांना जरूर सांगा.

कोर्स संपल्यावर अडॅप्टर ज्युनियरला विकू का?

जरूर विका, पण आधी ऑफिसात जाऊन तुमच्या नावावरची मॅक नोंदणी रद्द करून घ्या आणि रद्द केल्याची पोच घ्या. नाहीतर पुढची दोन वर्षं तो मुलगा नेटवर जे काही करेल ते नोंदीत तुमच्या नावावर दिसत राहील. त्याने नवा फॉर्म भरल्यावरच अडॅप्टर त्याच्या हातात द्या. केबल मात्र रूममध्येच राहू द्या, टेबलामागे नीट गुंडाळून, टोकाला पोर्ट नंबरची चिठ्ठी चिकटवून.